विषय चांगला होता

लघुपट महोत्सवाच्या पारितोषिक वितरणात लघुपट दाखवत नाहीत. वाचायला विचित्र वाटेल, पण अशा दोन-चार समारंभांना जे बसले असतील त्यांना ते लगेच पटेल. लघुपट आदल्या दिवशी सकाळपासून अर्ध्या रिकाम्या सभागृहात दाखवून झालेले असतात. संध्याकाळी प्रत्येक विजेत्याची वीस-पंचवीस सेकंदांची झलक पडद्यावर येते, तीही पुरस्काराचं नाव आणि प्रायोजकाचं बोधचिन्ह यांच्या मधल्या फटीत. उरलेला वेळ माणसांचा.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी झालेला असा एक समारंभ मी अलीकडेच पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्याआधीच्या दोन दिवसांत स्पर्धेतले सगळे लघुपटही पाहिले. महोत्सवाचं नाव सांगत नाही, कारण त्या जागी दुसरं कुठलंही घातलं तरी वर्णनात फारसा फरक पडणार नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, सत्कार, ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार. सव्वातीन तासांत २६ सन्मानचिन्हं. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या मालिकेतल्या अभिनेत्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं की, त्याला एकही लघुपट बघता आलेला नाही. त्या प्रामाणिकपणाला टाळ्या पडल्या. परीक्षकांचं मनोगत ‘वेळेअभावी’ चार मिनिटांवर आलं.

अशा समारंभांची टिंगल करणं सोपं आहे आणि मराठीत ती पुष्कळ झालेली आहे. मला त्यात रस नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: हा समारंभ सिनेमाबद्दल काय सांगतो? ज्याने आयुष्यातला पहिलाच लघुपट केला आहे, तो खुर्चीत बसून इथून काय शिकून घरी जातो?

पहिली गोष्ट तो पुरस्कारांच्या नावांवरून शिकतो. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, कलादिग्दर्शक, वेशभूषाकार, पार्श्वसंगीतकार. ही यादी मोठ्या व्यावसायिक चित्रपटसृष्टीच्या पुरस्कारांवरून जशीच्या तशी उचललेली आहे. तिथे ही कामं वेगवेगळी माणसं करतात, म्हणून ती वेगवेगळी मोजली जातात. इथे चार मित्रांनी एका मोबाइलवर, एकाच्या आजोळच्या वाड्यात चित्रीकरण केलेलं असतं. श्रेयनामावलीत एकच नाव पाच वेळा येतं. आई स्वयंपाक करते, पडद्यावर आजीची भूमिका करते, स्वतःचं लुगडं वेशभूषा म्हणून देते आणि शेवटी ‘विशेष आभार’ मध्ये जाते. अशा लघुपटाला ‘सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शन’ देणं म्हणजे नक्की कशाला देणं? वाड्याला?

माया डेरेनने १९५९ साली हौशी आणि व्यावसायिक चित्रपटकर्त्यांची तुलना करणारा एक छोटा लेख लिहिला होता. ‘अमॅच्युअर’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला प्रेम करणारा माणूस आहे, याची आठवण ती करून देते. व्यावसायिकाकडे यंत्रं, पैसा आणि माणसं असतात. हौशी माणसाकडे मोकळीक असते, आणि तिचा हेवा व्यावसायिकाने करावा, असा तिचा एकूण रोख आहे. ‘मेशेस ऑफ दि आफ्टरनून’ (१९४३) हा तिचा लघुपट घरातच, दोन माणसांनी मिळून केलेला. तेव्हा हे बोलायचा तिला अधिकार होता. आपला शब्द आणखी गमतीदार आहे. हौशी म्हणजे ‘हौस’ असलेला, आणि आपली हौस ही हिंदी-उर्दूतल्या ‘हवस’ची सख्खी बहीण. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. लघुपट महोत्सवात मात्र प्रवेशिकेसोबत शुल्क भरावं लागतं.

दुसरी गोष्ट तो विजेत्या लघुपटावरून शिकतो. यंदाचा पहिला क्रमांक शेतकरी आत्महत्येवरच्या लघुपटाला मिळाला. सुरुवातीला भेगाळलेल्या जमिनीवरून उडणारा ड्रोन, बासरी, मग बँकेची नोटीस, शाळेची फी मागणारी मुलगी, दोराकडे जाणारी नजर, संथगती, काळा पडदा आणि शेवटी पांढऱ्या अक्षरांत संदेश. चौदा मिनिटांत एकही असा क्षण नाही जो मला आधी माहीत नव्हता. कर्ता शेतकऱ्याच्याच घरातला असावा. म्हणून जास्त वाईट वाटतं. या माणसाला जमीन माहीत आहे. बियाणं कुठल्या दुकानातून उधारीवर आणतात, सोसायटीचा सचिव कुठल्या आवाजात बोलतो, हे सगळं माहीत आहे. त्यातलं काहीही लघुपटात आलेलं नाही. आलंय ते इतर लघुपटांमधून शिकलेलं दुःख. गाव त्याचं, पण ड्रोन दुसऱ्याच कुणाच्या तरी सिनेमातून उडतो आहे. परीक्षकांचं या लघुपटाबद्दलचं मत एका वाक्यात आटोपलं: विषय चांगला होता.

हे वाक्य दोन दिवसांत मी इतक्या वेळा ऐकलं की मोजणं सोडून दिलं. विषय गंभीर असला की त्यावर केलेल्या चित्रपटाला वाईट म्हणणं हे त्या दुःखालाच नाकारल्यासारखं वाटतं, आणि परीक्षक मागे सरतो. स्पर्धकांना हे बरोबर कळतं. यादी बघा: स्त्रीभ्रूणहत्या, व्यसनमुक्ती, पाणी वाचवा, वृद्धाश्रम, मोबाइलचं वेड. दोन दिवसांत चार वृद्धाश्रम पाहिले, आणि चारही मुलगे कपाळकरंटे. एकाही लघुपटात प्रेम नाही, विनोद जवळजवळ नाही. विशीतली पोरं दोन दिवस पडद्यावर फक्त उपदेश करत होती.

आता ज्याला ‘उत्तेजनार्थ’ मिळालं त्या लघुपटाबद्दल. नऊ मिनिटांचा. एका खेड्यातली पिठाची गिरणी. बायका दळणाचे डबे रांगेत ठेवून नंबर लावतात आणि घरी निघून जातात. कॅमेरा जमिनीवर, डब्यांच्या उंचीला. गिरणी चालू असल्यामुळे पहिली चार-साडेचार मिनिटं एकही संवाद ऐकू येत नाही. तोंडं हलतात, कुणी हसतं, कुणी तावातावाने हात उडवतं, आपल्याला फक्त घरघर. आणि मग लाईट जाते. पट्टा हळूहळू थांबतो. त्या शांततेत बाहेरून एका बाईचं अर्धं वाक्य येतं: कुणाच्या तरी सासूला कालच दवाखान्यात नेल्याचं. कोणाची सासू, ते कळत नाही. लाईट येते, दळण सुरू होतं, डबे एकेक करून जातात. शेवटी कडीला निळी चिंधी बांधलेला एक डबा राहतो. गिरणीवाला पोरगा त्याचं झाकण उघडून बघतो, परत लावतो, डबा फळीवर उचलून ठेवतो आणि शटर ओढतो. संपलं. संगीत नाही, संदेश नाही.

हा थोर लघुपट आहे असं मी म्हणत नाही. मधला एक प्रसंग लांबलाय, आणि गिरणीवाल्या पोराला कॅमेऱ्याकडे न बघायचं पुरेसं शिकवलेलं नाही. पण दोन दिवसांत हे एकच काम असं होतं जिथे आवाज आणि शांतता यांनी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी दिग्दर्शकाला हे बोलून दाखवलं, तर तो ओशाळला. म्हणाला, “सर, गिरणीत आवाज रेकॉर्डच होत नव्हता. माइक नव्हता आमच्याकडे. म्हणून संवाद काढून टाकले.” म्हणजे आपण काय केलंय, हे त्याला माहीत नव्हतं. अडचणीतून त्याच्या हाती एक शोध लागला होता आणि तो त्याला उणीव समजत होता. पुढचा लघुपट करताना तो कुठून तरी माइक मिळवेल, आणि गिरणी बंद करून पात्रांना सासूच्या आजारपणाबद्दल बोलायला लावेल, अशी मला भीती आहे.

तुला जे सापडलंय ते हे आहे, असं त्याला सांगणं एवढंच त्या संध्याकाळचं खरं काम होतं. ते चार मिनिटांत होत नाही.

आपल्याकडे ही परंपरा नाही असंही नाही. राज्य हौशी मराठी नाट्यस्पर्धा १९५४ पासून आहे, पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून. भरत नाट्य मंदिरातल्या ‘अरे आव्वाज कुणाचा’ या आरोळ्यांची टवाळी करावी तितकी थोडी, पण प्रत्येक एकांकिका पूर्ण, भरलेल्या सभागृहात, प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांसमोर होते. परीक्षकाने काय झापलं, हे नाटकवाले वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत राहतात. २०२२ च्या सप्टेंबरात पुरुषोत्तमच्या महाअंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर खूप गदारोळ झाला. निर्णय क्रूर होता की योग्य, यावर लोक भांडले. माझं मत सांगायचं तर, विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत करंडक रोखून धरणं मला तितकंसं रुचलं नाही. पण भांडण एकांकिकांच्या दर्जाबद्दल होतं. लघुपट महोत्सवात असं काही घडेल याची कल्पना करून पाहा. जिथे २६ सन्मानचिन्हं आधीच बनवून आणलेली आहेत, तिथे एखादं परत न्यायची सोय कुठे असते?

बाहेरही पाहता येईल. हौशी चित्रपटकारांची ‘यूनिका’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९३७ पासून चालू आहे. तिच्या महोत्सवात परीक्षक प्रेक्षकांसमोर बसून लघुपटांवर आपसात चर्चा करतात. एकमेकांना खोडतात, तेही सगळ्यांना ऐकू जातं. आपल्या महोत्सवाच्या आयोजकांना मी विचारलं की निदान गुणपत्रकं तरी स्पर्धकांना देता का? ती गोपनीय असतात, असं उत्तर आलं.

ब्रिटनमध्ये ‘अमॅच्युअर सिने वर्ल्ड’ हे मासिक १९३६ पासून ‘टेन बेस्ट’ नावाची स्पर्धा घ्यायचं. निवडलेले दहा लघुपट गावोगावच्या सिने क्लबांमध्ये फिरवले जात. तिथे खरं बक्षीस प्रेक्षक हेच होतं. पीटर वॉटकिन्सचा ‘द फर्गॉटन फेसेस’ याच वाटेने पुढे आला. १९५६ च्या हंगेरीतल्या उठावावरचा हा लघुपट त्याने इंग्लंडातल्या कँटरबरीच्या गल्ल्यांमध्ये, हौशी नटांना घेऊन केला होता. पैसा नव्हता म्हणून त्याने वार्तापटासारखा हलता कॅमेरा वापरला, आणि तेच पुढे ‘कलोडन’ (१९६४) आणि ‘द वॉर गेम’ (१९६५) मधलं त्याचं हत्यार झालं. गिरणीवाल्या पोराच्या दिग्दर्शकाला मी ही गोष्ट सांगितली. त्याने नाव लिहून घेतलं.

आणि परीक्षक म्हणून कोण बसतं, याचंही एक उदाहरण. १९३० च्या दशकात ग्लासगोच्या हौशी चित्रपट महोत्सवात जॉन ग्रिअरसन परीक्षक होता. तिथे त्याने नॉर्मन मॅक्लॅरेन या कलाशाळेतल्या विद्यार्थ्याचं काम पाहिलं आणि त्याला पोस्टखात्याच्या फिल्म युनिटमध्ये नोकरी दिली. पुढे कॅनडात ‘नेबर्स’ (१९५२) करून ऑस्कर मिळवणारा मॅक्लॅरेन तो हाच. अशी नजर दरवेळी मिळत नाही, मान्य. पण निदान लघुपट पाहिलेला माणूस मंचावर मधोमध बसावा आणि न पाहिलेला कडेला, इतकी अपेक्षा अवाजवी नाही.

समारंभाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तिथे एका विजेत्याचे वडील पहिल्यांदाच पांढरा सदरा घालून सभागृहात आले होते. मुलगा वर गेला तेव्हा ते उभे राहिले, मग आजूबाजूला बघून बसले. घरातल्या शोकेसमध्ये ठेवलेलं सन्मानचिन्ह पुढच्या लघुपटासाठी घरच्यांकडून वर्षभराची मुदत मिळवून देतं. नोकरीचं काय, हा प्रश्न काही महिने पुढे जातो. छोट्या गावात हे छोटं नाही. नागराज मंजुळ्यांचा ‘पिस्तुल्या’ नगरला शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झाला. त्याला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे ‘फँड्री’ आला. पुरस्कारामुळे दार उघडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘पिस्तुल्या’मध्येही शाळा, गरिबी, जात असे सगळे ‘विषय’ होते. तो लक्षात राहतो तो त्या पोरामुळे. तो शाळेकडे ज्या नजरेने बघतो, त्यामुळे.

शिवाय हल्ली दार उघडल्याचा भास विकतही मिळतो. ऑनलाइन महोत्सव दर महिन्याला निघतात. शुल्क भरा, पोस्टरवर चिकटवायला दोन पानांची कमान घ्या. मी पाहिलेल्या एका पोस्टरवर अशा सतरा कमानी होत्या, चित्रपटाचं नाव शोधावं लागत होतं. ज्या मुलाला त्याच्याच लघुपटातलं बरं-वाईट कुणी सांगितलेलं नसतं, त्याला स्वतःला मोजायला या कमानींखेरीज दुसरं काय असतं?

पुरस्कार मिळालेल्या सगळ्या लघुपटांच्या लांब्यांची मी नंतर बेरीज केली. एक तास ५२ मिनिटं. समारंभाच्या सव्वातीन तासांत ते सगळे पूर्ण दाखवून, वर जवळजवळ एक तास बोलायला उरला असता. शाल-श्रीफळासाठी अर्धा तास काढला तरीही. पुढच्या वर्षीसाठी हा हिशेब आयोजकांना लिहून पाठवला आहे. त्यांनी आभार मानले आहेत आणि परीक्षक म्हणून येणार का, असं विचारलं आहे. मी हो म्हटलं आहे, मनोगताला चाळीस मिनिटं मिळणार असतील तर.