मुक्या जनावरांचे हक्क : दोन निवाड्यांचें परीक्षण

न्यायनिवाडा हाहि एक प्रकारचा ग्रंथच होय, आणि त्यांतील विचार व शब्द यांचा मेळ कितपत बसतो हें पाहणें टीकाकाराचें काम आहे. या दृष्टीनें सर्वोच्च न्यायालयाचे ७ मे २०१४ व १८ मे २०२३ या दिवशींचे दोन निवाडे शेजारीं ठेवून वाचण्याजोगे आहेत. पहिल्यानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टु व आपल्याकडील बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या. पुढें २०१७ सालीं तामिळनाडु, कर्नाटक व महाराष्ट्र यांनीं कायद्यांत दुरुस्त्या केल्या, आणि त्या ग्राह्य धरून दुसऱ्यानें या खेळांस पुन्हां वाट मोकळी करून दिली.

पहिल्या निवाड्याची वाणी उदात्त आहे. घटनेच्या २१ व्या कलमांतील ‘जीवित’ हा शब्द त्यानें पशूंपर्यंत पोंचविला, त्यांनाहि प्रतिष्ठा आहे असें मानिलें, व त्यांच्या हक्कांस संसदेनें घटनेंत स्थान द्यावें अशी अपेक्षा व्यक्त केली. परंतु ज्या १९६० च्या कायद्यावर ही इमारत उभी आहे त्याचा पाया निराळा आहे. बेंथॅमनें १७८९ च्या आपल्या ग्रंथांत बुद्धि व वाचा या कसोट्या बाजूस सारून वेदना हीच कसोटी ठरविली. आमचा कायदा याच मार्गानें जातो; मात्र तो ‘अनावश्यक’ वेदना तेवढी वर्ज्य करतो, आणि आवश्यक काय हें ठरवितो माणूस! त्यांतहि पहिल्या अपराधास ठरविलेला दंड १० ते ५० रुपयांचा. याच्या उलट, टॉम रीगननें १९८३ सालीं मांडलेला हक्क तडजोड जाणत नाहीं : ज्याला स्वतःचें आयुष्य अनुभवतां येतें त्याला केवळ दुसऱ्याचें साधन करतां येणार नाहीं. निवाड्याची भाषा रीगनच्या जवळची व हातांतील हत्यार बेंथॅमचें, असा हा विसंवाद आहे.

दुसरा निवाडा अधिक सावध आहे. पशूंच्या मूलभूत हक्कांस पूर्वाधार नाहीं, हें त्याचें म्हणणें नाकारतां येत नाहीं. नव्या नियमांनीं यातना बऱ्याच कमी होतात, असेंहि तो मानतो. परंतु हा खेळ संस्कृतीचा भाग आहे कीं नाहीं हा प्रश्न विधिमंडळाकडे सोंपवून तो थांबतो, तेथें वाचकाचें समाधान होत नाहीं. रूढि किती जुनी हा एक प्रश्न. बैलास काय सोसावें लागतें हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरानें दुसरा सुटत नाहीं.

ज्याला कर्तव्यें नाहींत त्याला हक्क कसले, असा आक्षेप येईल. पण तान्ह्या मुलाला कोणतें कर्तव्य असतें? प्रिव्ही कौन्सिलनें तर १९२५ सालीं देवमूर्तीसहि कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति मानिलें. पाषाणाच्या वतीनें बोलण्यास मनुष्य मिळतो, तर रक्तमांसाच्या बैलाच्या वतीनें कां मिळूं नये?

शेतकऱ्याचें बैलावर प्रेम असतें, याविषयीं शंका नाहीं. पोळ्याच्या दिवशीं त्याला पुरणपोळी भरविणाऱ्या हातांत खरी कृतज्ञता असते. परंतु कृतज्ञता देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, व हक्क त्या मर्जीपासून संरक्षण देतो. एवढा भेद संसदेनें ध्यानांत घेतला, जनावरांच्या वतीनें दाद मागणारा पालक नेमला व दंडास कांहीं धार आणली, तर पहिल्या निवाड्याची उदात्त वाणी व्यर्थ गेली असें म्हणण्याची वेळ येणार नाहीं.