‘हमामखाना’ : एक अर्थहानी

अकोला-अमरावतीकडील प्रवासी सुटीत बुऱ्हाणपूरला जातात. मुमताजमहलचे १६३१ मध्ये निधन झाले ते हेच नगर. तेथील शाही किल्ल्यातील हमामाला प्रवासवर्णनांत सर्रास ‘राजस्नानगृह’ म्हटले जाते. हा पर्याय शुद्ध खरा, परंतु अपुरा. अरबी ‘हम्माम’चा धातू उष्णतावाचक आहे, अधिकाधिक तापलेल्या दालनांत बसून घाम काढणे व अंग चोळून घेणे हा त्याचा मुख्य विधी. इस्तंबूलविषयी लिहिताना इंग्रजीवरून ‘तुर्की स्नान’ हा शब्द घडविणे तर अधिकच खटकते. शनिवारवाड्यातही हमामखाना होता. शब्द घरचाच होता. (हमामदस्त्याचा येथे संबंध नाही, तो फारसी ‘हावन’चा अपभ्रंश.) ‘स्नानगृह’ वाचून बुऱ्हाणपुरास गेलेला प्रेक्षक छतावरील चित्रे पाहतो, उष्णता कोठून येत असे, हे विचारीत नाही.