तलस्थ फोरॅमिनीफेरा आणि किनारी पाण्याची प्रत : निर्देशांकाच्या मर्यादा

किनाऱ्यालगतच्या पाण्याची प्रत ठरविण्यासाठी त्या पाण्याचेच रासायनिक पृथक्करण करावे, हा सरळ मार्ग होय. परंतु पाणी प्रत्येक भरती-ओहोटीबरोबर बदलते, आणि पृथक्करणाचा निकाल त्या घटकेपुरताच खरा असतो. तळाच्या गाळात राहणारा जीव मात्र कित्येक महिने जे सोसतो, त्याची साक्ष आपल्या अस्तित्वाने अथवा अभावाने देतो. या विचारातूनच फोरॅमिनीफेरा या एकपेशीय, कवचधारी जीवांकडे संशोधकांचे लक्ष गेले. यांतील बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरहून कमी असतो, चिमूटभर गाळात ते विपुल सापडतात आणि जीव मेल्यावरही कवच मागे राहते. दक्षिण कॅलिफोर्नियात सांडपाण्याच्या नळांच्या मुखाशी अशी पाहणी १९६० च्या सुमारास झाली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासंबंधी सेट्टी व निगम यांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला.

पाहणीच्या पद्धतींत एकसूत्रता नसल्यामुळे निष्कर्षांची तुलना दीर्घकाळ अशक्य होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फोबिमो’ नियमावलीने ही उणीव पुष्कळशी दूर केली. गाळाचा वरचा एक सेंटिमीटर थर घ्यावा, प्रत्येक ठिकाणी तीन नमुने घ्यावेत, १२५ मायक्रॉनच्या चाळणीवर राहिलेले जीव मोजावेत आणि जिवंत व्यक्ती रोझ बेंगाल या रंजकाने ओळखाव्यात, असा तिचा गाभा आहे. ही शिस्त स्वागतार्ह आहे. तथापि शिस्त म्हणजे अचूकता नव्हे. १२५ मायक्रॉनखालील लहान जाती या चाळणीतून निसटतात, आणि त्यांपैकी काही नेमक्या प्रदूषित स्थळीच वाढणाऱ्या असतात. रंजकाविषयीही तसेच म्हणावे लागते. १९५२ पासून रूढ असलेला हा रंजक जीवद्रव्यास रंगवितो, जीवनास नव्हे. मृत जीवद्रव्य काही आठवडे, प्रसंगी काही महिने, रंग धरून राहते. जेथे ऑक्सिजन कमी तेथे कुजणे मंद. म्हणजे संशय जेथे अधिक, तेथेच गणनेत चूक होण्याचा संभवही अधिक.

यापेक्षा गंभीर प्रश्न निर्देशांकाचा आहे. २०१६ साली मांडलेल्या ‘फोराम-एम्बी’ निर्देशांकात प्रत्येक जाती सेंद्रिय द्रव्यास किती सोसते हे पाहून तिला पाचांपैकी एका गटात घालतात. पाच गटांस अनुक्रमे ०, १.५, ३, ४.५ व ६ असे भार देऊन सरासरी काढली जाते. गणित निर्दोष आहे. त्याचा सारा आधार मात्र जातींच्या यादीवर आहे. नमुन्यात ६० टक्के असलेल्या एखाद्या जातीचे स्थान एका पायरीने चुकले, तर निर्देशांक ०.९ ने सरकतो. एवढ्याने पाण्याचा दर्जा एका श्रेणीतून दुसरीत जाऊ शकतो. खाड्यांत सर्वत्र आढळणाऱ्या अमोनिया या प्रजातीचे एकसारखे दिसणारे जीव आनुवंशिक दृष्ट्या अनेक भिन्न प्रकारांचे आहेत, हे २००४ मधील संशोधनाने दाखविले. नावच संदिग्ध असेल तर गटही संदिग्धच राहणार.

मूळ यादी ईशान्य अटलांटिक व आर्क्टिक भागांतील नोंदींवरून सिद्ध झाली. भूमध्य समुद्रासाठी २०१८ साली वेगळी यादी करावी लागली. मग कोकण-गोव्याच्या किनाऱ्यास परकी यादी कशी लागू पडावी? मांडवी व झुआरी यांच्या मुखाजवळ उन्हाळ्यात समुद्राइतके खारे असणारे पाणी पावसाळ्यात पृष्ठभागी जवळजवळ गोडे होते. शिवाय पावसाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात ऑक्सिजनचे प्रमाण अत्यल्प असलेले पाणी खोलीतून वर येते. मानवी कृतीने त्याची तीव्रता वाढत असली, तरी मूळ घटना नैसर्गिक आहे. अशा ठिकाणी सोशिक जातींचेच प्राबल्य असणे स्वाभाविक होय. नैसर्गिक ताण आणि मानवनिर्मित ताण यांची चिन्हे येथे एकसारखी दिसतात. परिणामी निकोप खाडी दूषित ठरेल, अथवा सांडपाणी सोडणारा ऋतूवर खापर फोडून मोकळा होईल. ठाण्याच्या खाडीसारख्या, शहर व कारखाने यांचा भार वाहणाऱ्या जलाशयाबाबत ही दुसरी चूक विशेष घातक आहे.

तरीही हे साधन त्याज्य ठरत नाही. उलट, त्याचे खरे सामर्थ्य निर्देशांकाबाहेर आहे. नॉर्वेतील ऑस्लो फ्योर्डच्या गाळाचे उभे नमुने घेऊन प्रदूषणापूर्वीचा जीवसमूह कसा होता, हे २०१३ मधील अभ्यासात त्याच स्थळाच्या कवचांवरून ठरविण्यात आले. तेथे तुलना दूरच्या किनाऱ्याशी झाली नाही. फ्योर्डची स्वतःच्या भूतकाळाशी झाली. गाळात राहणाऱ्या अन्य जीवांपैकी बहुतेकांचे असे अवशेष उरत नाहीत. अर्थात आम्ल गाळात चुन्याची कवचे विरघळतात, आणि गाळ उपसलेल्या बंदरात थरांचा क्रम मोडतो. म्हणून स्थळाची निवड काळजीपूर्वक करणे अगत्याचे आहे.

यावरून अग्रक्रम स्पष्ट होतो. एका खाडीत पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात व नंतर घेतलेले नमुने, आणि शिसे-२१० च्या साहाय्याने कालनिश्चिती केलेला तिचाच एक उभा नमुना, एवढी सामग्री हाती आल्यावाचून निर्देशांकाचा आकडा शासकीय निर्णयाचा आधार होऊ नये. स्थानिक यादी तयार करण्याचे काम कष्टाचे आहे. पण त्यावाचून मिळणारा आकडा दुसऱ्याच किनाऱ्याचे वर्णन करीत राहील.