सातव्या पिढीतले धैर्य

चार्ल्स डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या १८५९ सालच्या ग्रंथात सहजप्रवृत्तींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. शरीराच्या ठेवणीप्रमाणे स्वभावही पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे पटवताना डार्विन तेथे संकरित कुत्र्यांचे दोन दाखले देतो. ग्रेहाउंडचा बुलडॉगशी संकर केला की त्याचा परिणाम पुढच्या अनेक पिढ्यांच्या धैर्यावर व हट्टीपणावर दिसतो, हा पहिला. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या एका घराण्यात ग्रेहाउंडचा संकर झाला आणि त्या घराण्याला सशांमागे धावण्याची ओढ लागली, हा दुसरा. थोर ग्रंथातले दाखले आपण सहसा तपासून पाहत नाही. येथे आम्ही ते तपासणार आहोत. डार्विनचे मोठेपण त्याने उणावत नाही. पुरावा कशाला म्हणावे हे मात्र त्यातून चांगले कळते.

पहिल्या दाखल्यामागची हकीगत अशी. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात लॉर्ड ऑर्फर्ड नावाचे उमराव होते. सशामागे दोन ग्रेहाउंड सोडून त्यांची चढाओढ लावायची, या खेळाचा त्यांना मोठा नाद. १७७६ साली त्यांनी स्वॉफहॅम येथे या खेळाचा क्लबच काढला. आपल्या कुत्र्यांत धीर कमी आहे असे वाटून त्यांनी बुलडॉगशी संकर केला. तेव्हाचा बुलडॉग म्हणजे आजचे धापा टाकणारे चपट्या नाकाचे जनावर नव्हे. बैलांवर सोडण्यासाठी पोसलेला तो चिवट कुत्रा होता. (बैलांवर कुत्रे सोडण्याचा हा खेळ ब्रिटनमध्ये १८३५ साली कायद्याने बंद झाला.) संकरातून झालेली पिल्ले पुन्हा ग्रेहाउंडशी जुळवली, त्यांची पिल्ले पुन्हा ग्रेहाउंडशी, असे सहा-सात पिढ्या चालले. अखेरीस बुलडॉगचे रूप पार नाहीसे झाले, पण त्याची चिकाटी टिकली, असे पशुवैद्य विल्यम यूअट यांनी नोंदवले. डार्विनने आपल्या १८६८ सालच्या ग्रंथात ही हकीगत यूअट यांच्या हवाल्याने दिली आहे.

आता थोडा हिशेब करू. पहिल्या पिढीतल्या पिल्लात बुलडॉगचा वाटा १/२ असतो. पुढे दर पिढीला तो सरासरीने निम्मा होतो : १/४, १/८, १/१६. सातव्या पिढीत तो १/१२८ उरतो. बुलडॉगचे एखादे विशिष्ट जनुक सातव्या पिढीतल्या पिल्लापर्यंत निव्वळ योगायोगाने पोचण्याची शक्यता ६४ मध्ये १ एवढी असते. हा नियम जबड्याला जसा लागू आहे तसाच स्वभावालाही. मग रूप गेले आणि धैर्य राहिले, हे कसे?

याचे एक सरळ उत्तर आहे. ऑर्फर्ड यांनी प्रत्येक पिढीत दिसायला ग्रेहाउंडसारखी आणि वागायला धीट अशीच पिल्ले वंशासाठी राखली असतील. निवड अशी झाली तर बुलडॉगची काही जनुके टिकू शकतात, यात नवल नाही. पण खरी अडचण येथेच सुरू होते. ग्रेहाउंडमध्येही काही कुत्री धीट असतात, काही भित्री. सात पिढ्या नेटाने धीट कुत्रीच निवडली तर बुलडॉगचा एक थेंबही न मिसळता कळप धीट होऊ शकेल. म्हणजे शेवटी दिसलेले धैर्य संकराचे की निवडीचे, हे या हकीगतीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी दुसरा कळप हवा होता : त्याच घरचा, तितक्याच कसोशीने निवडलेला, फक्त संकर न केलेला. तो कोणी ठेवला नाही.

दुसरी अडचण शब्दांची आहे. धीर, दम, चिकाटी हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. धावता धावता कुत्रा थांबला, तर त्याचा धीर सुटला की दम? ग्रेहाउंडचे स्नायू बहुतांशी झटपट आकुंचन पावणाऱ्या तंतूंचे असतात. तो ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो, पण त्याची नेहमीची शर्यत अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. त्यानंतर तो थांबला तर तो भित्रा ठरत नाही. त्याचे स्नायू थकलेले आणि अंग तापलेले असते. काय मोजले हेच ठरलेले नसेल, तर ते वारशाने आले की नाही हा प्रश्न विचारताही येत नाही.

दुसरा दाखला याहून कच्चा आहे. पळत्या सशामागे धावण्याची ओढ कमीअधिक प्रमाणात बहुतेक कुत्र्यांत असते. शिवाय पिल्ले आईच्या मागे फिरत शिकतात. आई सशामागे धावली की पिल्लेही धावणार. वारसा आणि संगत येथे वेगळी काढलेली नाहीत.

ती वेगळी कशी काढावीत याचा धडा पुढे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी घालून दिला. अमेरिकेतल्या बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत त्यांनी पाच जातींची कुत्री एकसारख्या परिस्थितीत वाढवली. त्यांपैकी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल यांचा संकर दोन्ही बाजूंनी केला : एकदा आई बसेंजी, एकदा आई स्पॅनियल. आईच्या सहवासाचा परिणाम त्यामुळे ताडून पाहता आला. १९६५ साली त्यांचा ग्रंथ निघाला. वागणुकीत वारशाचा भाग असतो हे त्यांनाही दिसले. त्याबरोबर एकाच जातीतली कुत्री एकमेकांपासून किती भिन्न असतात, हेही दिसले.

आता जनुके थेट वाचता येतात, आणि रक्ताच्या अपूर्णांकांची भाषा आणखीच अपुरी पडते. ब्रिटनमध्ये ग्रेहाउंडसारख्या धावत्या कुत्र्याच्या संकराला लर्चर म्हणतात. तीन भाग ग्रेहाउंड आणि एक भाग कॉली घेतला की वेगही मिळतो आणि अक्कलही, असे हिशेब त्यांचे शौकीन मांडतात. पण पहिल्या पिढीनंतर एकाच वेतातल्या दोन भावंडांतही हा वाटा सारखा नसतो. व्हिपेट जातीतले उदाहरण तर फारच बोलके आहे. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिनच्या जनुकातली दोन अक्षरे काही व्हिपेटमध्ये गळलेली असतात. असे बिघडलेले जनुक एकाच पालकाकडून आले तर कुत्रा शर्यतीत अधिक वेगवान ठरतो. दोघांकडून आले तर स्नायू बेढब फुगतात. २००७ साली हे सिद्ध झाले. जे एकदा चांगले ते दुप्पट घेतल्यावर दुप्पट चांगले, असे येथे होत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अलास्कात बर्फावरच्या गाड्या ओढणाऱ्या संकरित कुत्र्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात हस्की व मॅलम्यूट यांच्या वाट्याचा संबंध दमाशी, तर पॉइंटर व सलुकी यांच्या वाट्याचा संबंध वेगाशी आढळला. तेव्हा संकराने काहीच होत नाही, असे म्हणणेही चूक ठरेल. पण २०२२ साली अमेरिकेत १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि २,००० हून अधिक कुत्र्यांची जनुके ताडून पाहिली, तेव्हा एकेका कुत्र्याच्या वागणुकीतल्या फरकांपैकी जातीने उलगडणारा भाग सुमारे ९ टक्केच निघाला. वागणुकीत वारसा आहे. पण जातीचे नाव कळल्याने समोरचा कुत्रा कळत नाही.

सशांवर कुत्री सोडण्याचा खेळ इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंद झाला. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे. डार्विनचे दाखले मात्र वर्गात आजही उपयोगी पडतील. मराठवाड्यातल्या मुलांना कारवानी कुत्री ठाऊक असतात. त्यांच्या दमाच्या गोष्टी मुलांकडून ऐकाव्यात आणि मग विचारावे : तुलनेला दुसरा कळप होता का? दम कसा मोजला? पिल्ले कोणाजवळ वाढली? वंशासाठी कोणती राखली?

हे चार प्रश्न मुलांना सवयीचे झाले, तर ते कुत्र्यांपुरते राहणार नाहीत. 'खाण तशी माती' किंवा 'त्यांच्या रक्तातच नाही' ही वाक्ये शाळेच्या आवारातही ऐकू येतात, आणि ती ज्या मुलाबद्दल बोलली जातात त्याची पुढची वर्षे त्यांवर ठरू शकतात. ऑर्फर्ड यांच्या कुत्र्यांविषयी जेवढा पुरावा होता, तेवढाही या वाक्यांमागे नसतो. ते बोलणाऱ्याला हे चार प्रश्न विचारण्याचे काम आपणा शिक्षकांचे आहे.