‘तट’ या संज्ञेचा अर्थ आणि मॅडिसनचा युक्तिवाद

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये लिहिल्या गेलेल्या ‘फेडरलिस्ट’ या ८५ निबंधांच्या मालेतील दहावा निबंध जेम्स मॅडिसन याचा आहे. राजकीय तट का पडतात व राज्यव्यवस्थेने त्यांना आवर कसा घालावा, हा त्याचा विषय. त्यातील राज्यशास्त्रीय सिद्धान्ताची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे त्यातील शब्दयोजनेचा विचार करावयाचा आहे.

समान विकाराने वा हितसंबंधाने एकत्र आलेले नागरिक, मग ते बहुसंख्य असोत वा अल्पसंख्य, इतरांच्या हक्कांना अथवा समाजाच्या स्थायी हिताला बाधक ठरले म्हणजे त्यांचा ‘फॅक्शन’ होतो, अशी मॅडिसनची व्याख्या आहे. तीत संख्या गौण असून बाधकता हे व्यवच्छेदक लक्षण आहे. मराठीत ‘पक्ष’ शब्दात निंदा नाही, ‘तट’ शब्दात ती आहे. म्हणून ‘तट’ हाच प्रतिशब्द युक्त वाटतो. परंतु पुढे एके ठिकाणी सर्वांत मोठा पक्ष म्हणजेच सर्वांत बलिष्ठ तट, असे समीकरण मॅडिसन सहज मांडून जातो. बाधकतेची अट तेथे गळून पडते.

हे केवळ शैलीचे शैथिल्य मानता येत नाही. मालमत्तेची विषम वाटणी हे तटांचे सर्वांत टिकाऊ कारण, असे तो सांगतो. धनको-ऋणकोंच्या वादात कायदे करणारेच वादी-प्रतिवादी असतात. मग अमुक समूह बाधक, हे ठरवावयाचे कोणी? म्हणूनच त्याचा उपाय तट ओळखण्यावर अवलंबून नाही. अल्पसंख्य तटाला मतदान आवरते. बहुसंख्य तट विस्तृत प्रजासत्ताकातील हितसंबंधांच्या वैविध्यामुळे जुळून येणेच कठीण होते.

या उपायाचे बळ आणि उणीव एकाच ठिकाणी आहेत. जी रचना तट ओळखत नाही, ती न्याय्य बहुमतही ओळखत नाही. मेक्सिकोकडून मिळणाऱ्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालणारी विल्मटची उपसूचना १८४६ व १८४७ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केली. सिनेटमध्ये मात्र ती टिकली नाही. व्याख्येनुसार बाधक कोण, हे उघड होते. पण ती कसोटी लावण्याचे साधन घटनेच्या चौकटीत नव्हते.

तेव्हा या निबंधाच्या अनुवादकाने मूळातील ‘पक्ष’ आणि ‘तट’ यांची सरमिसळ सुधारून घेऊ नये. व्याख्येतील नैतिक निकष रचनेत का उतरू शकला नाही, याचा पुरावा त्या सरमिसळीतच आहे.