खोपा कोण विणतं?

साकोलीजवळचं आमचं घर कवेलूंचं होतं तोवर चिमण्यांना कुणी आसरा दिला नाही आणि कुणी नाकारलाही नाही. भिंत आणि कवेलूंमधल्या फटीत त्या तणस कोंबायच्या, ताटात काडी पडली की आजी वर बघून शिव्या द्यायची, एवढाच काय तो करार. मागच्या मे महिन्यात ते छप्पर उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं. सेंट्रिंगचं सामान अंगणात येऊन पडलं, मिस्त्री शिडी लावून वर चढला आणि तसाच खाली उतरला. फटीत पिल्लं होती.

बाबांना पाऊस लागायच्या आत काम उरकायचं होतं. माय म्हणाली, "पाखरं उडून जाऊ दे, मंग पाडू." दोघांची खडाजंगी चालू असताना मी काय करत होतो? फोनवर बहिणाबाईंची 'खोपा' काढून वाचत होतो. हे मराठी एम.ए. केलेल्या माणसालाच जमतं.

पण त्या दुपारी ती कविता मला वेगळी दिसली. 'बहिणाबाईची गाणी' १९५२ साली आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. बहिणाबाई त्याआधीच्या वर्षी गेल्या होत्या. तेव्हापासून 'खोपा' आपण आईच्या मायेची आणि कष्टांची कविता म्हणून पाठ करत आलोय. सुगरण पिल्लांसाठी घर विणते, तिच्याकडे अवजार म्हणून फक्त चोच, आणि माणसाला हात असून तो काय करतो, असा तिचा रोख. अडचण एवढीच, की खोपा सुगरण विणतच नाही. नर विणतो. आपल्या भाषेनं त्या पक्ष्याला नावच बाईचं दिलं, त्यामुळे त्याची कारागिरी बायकोच्या खात्यावर जमा झाली. (माणसांत हे सहसा उलटं होतं, म्हणून मला ही चूक जरा आवडते.)

सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला या पक्ष्यांच्या वसाहतीवर नजर ठेवली आणि १९३१ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यांना जे दिसलं ते आमच्याकडे धानाच्या बांध्यांत, विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर आजही पावसाळ्यात दिसतं. नर पात्यांच्या चिरफळ्या काढून खोपा निम्म्यावर आणतो आणि त्याला लटकून पंख फडफडवतो. मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडला तर उरलेलं काम, ती खालची लांब नळी, पुरी होते. नाही पडला तर तो अर्धाच लोंबकळत राहतो. मादी अंडी घालून बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. अंडी उबवणं तिच्या एकटीकडे आणि पिल्लांचा चाराही बहुतेक तिच्याचकडे.

मग बहिणाबाई चुकल्या का? विणकराबद्दल चुकल्या, मान्य. पण खोप्यातल्या जिवांसाठी मरमर कोण करतं, याबद्दल त्या अजिबात चुकलेल्या नाहीत. तिशीतच वैधव्य आलेल्या, शेतात राबून मुलं वाढवलेल्या बाईला तो खोपा आईचाच दिसणार. निसर्गाचे व्हिडिओ बघून 'कवितेत फॅक्ट चुकीची आहे' अशी कॉमेंट टाकणाऱ्यांना (मीही कधीकाळी टाकली आहे) हा दुसरा अर्धा भाग सांगायला हवा. नर निवड व्हावी म्हणून विणतो. पिल्लांसाठी आत राहते ती सुगरण.

बहिणाबाईंना मी सोडून देतो, पण चिमणी-कावळ्याच्या गोष्टीला नाही. मेणाचं घर, शेणाचं घर, पाऊस, आणि दार न उघडणारी चिमणी. बाळाला न्हाऊमाखू घालण्याच्या सबबी सांगत ती कावळ्याला भिजवत ठेवते, आणि आपण दोन वर्षांच्या मुलांना हे हसत हसत भरवतो. घर पक्कं असणाऱ्यानं कच्च्या घरवाल्याला बाहेर ठेवावं, हा आपल्या घासाबरोबर पोटात गेलेला पहिला धडा. तोही खोटा. आमच्या अंगणातल्या कडुलिंबावर कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पोर वाढताना मी पाहिलंय. आपल्याहून वेगळं ओरडणाऱ्या त्या खादाडाला कावळे दिवसभर भरवत होते. परक्याचं पोर पोसणारा पक्षी आपल्या गोष्टीत बेघर आणि लोचट ठरला.

या दोन्हींच्या पलीकडे मला मारुती चितमपल्ली महत्त्वाचे वाटतात. त्यांचं नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात मोडतं, पण १९९९ पर्यंत ते भंडाऱ्यातच होतं, म्हणून आम्ही त्यांना आमचे समजतो. वनाधिकारी असलेला हा माणूस इथल्या लोकांकडून पक्ष्यांची नावं शिकला आणि ती मराठीत आणली. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव 'घरट्यापलीकडे' आहे, आणि माझ्या लेखी ते नावच एक टीकालेख आहे. घरटं हे घर नसतं, पाळणा असतो. पिल्लं उडाली की बहुतेक पाखरं ते टाकून देतात. आपण मात्र त्यात आपलं दार, चूल आणि सातबारा शोधत बसतो. पण चितमपल्ली वाचून माझ्या मनात राहतात ते तलावावरचे, रानातले पक्षी. फटीतल्या चिमणीसाठी मला त्यांच्याकडूनही फारसं काही उसनं घेता आलं नाही.

शेवटी निकाल मायनं लावला. त्या कोपऱ्यातल्या कवेलूंच्या चार ओळी तशाच ठेवून बाकीचं छप्पर उतरवलं. मिस्त्री कुरकुरला, त्याचे दोन दिवस खाडे झाले, त्याचे पैसे बाबांनी न बोलता दिले. चिमणा आणि चिमणी दोघंही अळ्या, किडे घेऊन ये-जा करत होती. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना किडेच लागतात. धानावर औषध मारलं की त्यांचा घास कसा जातो ते मला तेव्हा कळलं. एक पिल्लू खाली पडून मेलं. उरलेली साधारण दहा दिवसांत उडाली, आणि पंधराव्या दिवशी स्लॅब पडला.

स्लॅबला फट नसते. मायनं बुटांच्या खोक्याला भोक पाडून तो सज्जाखाली तारेनं बांधलाय. एक चिमणा रोज सकाळी भोकात डोकावतो, छपरावर बसून चिवचिवाट करून बोलावतो. परवा चिमणी येऊन आत बघून गेली. तिला अजून पसंत पडलेलं दिसत नाही.