प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर निवडताना: एक काम लांबलं तर पुढची तारीख हलते का?

पीएचडीला प्रवेश मिळाला की आपण बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात प्लॅनिंगचं एखादं अ‍ॅप डाउनलोड करतो. रंग छान असतात, मित्रही वापरत असतात. मीही असंच निवडलं होतं.

माझा अभ्यास वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतल्या सोसायट्या पाणी कसं साठवतात यावर आहे. मुलाखती मे महिन्यात हव्या होत्या, कारण टंचाई तेव्हाच दिसते. मी कार्डांचा बोर्ड केला: 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं'. 'कमिटीची परवानगी' हे कार्ड 'चालू आहे'मध्ये पडून राहिलं. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच! परवानगी आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. वर्ष हुकलं. चूक माझीच, कामाला न शोभणारं साधन निवडलं.

असे बोर्ड ज्या कानबान पद्धतीवरून आले, ती टोयोटाच्या कारखान्यातली. सारख्या प्रकारचं काम सतत येत असेल तिथे ती उत्तम. चाळीस पेपर वाचायचेत? ट्रेलोसारखा बोर्ड जरूर वापरा. पण परवानगी, मुलाखती, विश्लेषण ही साखळी आहे. एक कडी लांबली की पुढच्या सगळ्या सरकतात आणि साध्या बोर्डावर ते दिसत नाही.

ते दिसतं गँट चार्टमध्ये. गँटप्रोजेक्ट हे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे, ते इंटरनेटशिवायही चालतं. कामं एकमेकांना जोडली की एकाची तारीख बदलल्यावर पुढच्या आपोआप सरकतात. दोष एकच, पण मोठा: प्रत्येक कामाला किती दिवस लागतील हे ते आधीच विचारतं. संशोधनात ते कुणाला माहीत असतं? तरी सरळ पट्टी उमटते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवून बसतो.

यावर 1958 मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस प्रकल्पासाठी तयार झालेली 'पर्ट' पद्धत कामी येते. तीन अंदाज घ्या. परवानगी लवकरात लवकर 2 आठवड्यांत, बहुधा 4, उशिरात उशिरा 12. मधल्याला चौपट वजन द्या: (2 + 16 + 12) ÷ 6 = 5 आठवडे. चार्टमध्ये 5 लिहा, पण 12 लागले तर काय करायचं तेही ठरवून ठेवा.

यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार पीएचडीला किमान 3 आणि साधारण कमाल 6 वर्षं. दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. म्हणून तपशीलवार प्लॅन एका सेमिस्टरचाच करा.

निवडण्यापूर्वी एक संध्याकाळ द्या. स्वतःची खरी दहा कामं भरा, त्यात दुसऱ्यांवर अवलंबून असलेली दोन तरी हवीत. एक काम तीन आठवडे पुढे ढकला. बाकीच्या तारखा हलल्या का? सगळी माहिती फाइल म्हणून बाहेर काढता येते का? दोन्हीला 'हो' असेल तर ते सॉफ्टवेअर ठेवा. नसेल तर साधी वही बरी.